‘पहिली मोटार’ कोणाची? कोकोमोच्या एलवुड हेन्सची गोष्ट

मंडळी, मोटारगाडी पहिल्यांदा कोणी बांधली म्हटलं की आपण जर्मनीच्या कार्ल बेंझचं नाव घेतो. त्याचं पेटंट १८८६ सालचं. पण पुढच्या आठ-दहा वर्षांत अमेरिकेतल्या लहान लहान गावांतही माणसं आपापल्या परीनं गाड्या जुळवत होती. त्यांतला एक इंडियाना राज्यातल्या कोकोमो गावचा एलवुड हेन्स.

हेन्सचा जन्म १८५७ चा. शिक्षण रसायनशास्त्राचं, ओढा धातूंकडे. १८८१ मध्ये वूस्टरच्या तंत्रसंस्थेत त्यानं प्रबंध लिहिला, तो टंगस्टनचा लोखंड-पोलादावर काय परिणाम होतो यावर. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

इंडियानात नैसर्गिक वायू सापडला आणि हेन्स वायू कंपनीत व्यवस्थापक झाला. वायूच्या नळांच्या पाहणीसाठी कच्च्या रस्त्यांवरून घोडागाडीनं मैलोन्‌मैल जावं लागे. घोडे थकून जात. घोड्याशिवाय जाता आलं तर? १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यानं पेट्रोलवर चालणारी इंजिनं पाहिली आणि सिंट्झ कंपनीचं एक अश्वशक्तीचं इंजिन विकत घेतलं. ते चालू करून पाहिलं कुठं, तर घरच्या स्वयंपाकघरात! इंजिन इतकं हादरायला लागलं की प्रयोग आवरता घ्यावा लागला.

इंजिन आलं, पण गाडी बांधणार कोण? हेन्सजवळ कल्पना होती, आराखडे होते. यंत्रकामाचा सराव नव्हता. तो गावातल्या रिव्हरसाइड मशीन वर्क्सच्या एल्मर ॲपरसनकडे गेला. एल्मर तयार झाला, दर तासाला ४० सेंट. अट एवढीच, की नेहमीच्या कामातून सवड मिळेल तेव्हाच करीन. एल्मरचा भाऊ एडगर आणि जोनाथन मॅक्सवेल यांचेही हात या कामाला लागले. पुढे ‘मॅक्सवेल’ मोटार निघाली, तो हाच मॅक्सवेल.

४ जुलै १८९४. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, रस्त्यांवर गर्दी. म्हणून गाडी आधी गावाबाहेर पंपकिनवाइन रस्त्यावर नेली, तीही घोड्यानं ओढत! तिथं ती स्वतःच्या बळावर चालली, ताशी सुमारे ७ मैल.

१८९८ मध्ये हेन्स-ॲपरसन कंपनी निघाली. तीन वर्षांत ॲपरसन बंधू वेगळे झाले आणि त्याच गावात त्यांनी स्वतःचा मोटारधंदा सुरू केला. पुढे हेन्सच्या कंपनीनं ‘अमेरिकेची पहिली मोटार’ अशी जाहिरात केली. १९१० मध्ये मूळ गाडी स्मिथसोनियन संग्रहालयाला देण्यात आली.

आता हा दावा तपासू. ड्युरिया बंधूंची गाडी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला सप्टेंबर १८९३ मध्येच रस्त्यावर आली होती. ओहायोच्या जॉन लॅम्बर्टची तीनचाकी त्याच्याही आधीची, १८९१ ची. म्हणजे ‘पहिली’ हा शब्द टिकत नाही. शिवाय ‘हेन्सची गाडी’ म्हटलं की ज्यांनी ती प्रत्यक्ष घडवली, ते ॲपरसनही झाकले जातात.

मग हेन्सचं स्वतःचं असं काय उरतं? तर तो टंगस्टनवाला विद्यार्थी. धातूंचा नाद त्यानं कधी सोडला नाही. काळे न पडणारे सुरी-काटे करायचे म्हणून तो मिश्रधातूंचे प्रयोग करत राहिला. कोबाल्ट आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट त्याला १९०७ मध्ये मिळालं. हेच ‘स्टेलाइट’. लालभडक तापलं तरी त्याची धार टिकते. पहिल्या महायुद्धात धातू कापणाऱ्या हत्यारांसाठी त्याला मोठी मागणी आली. आजही इंजिनांच्या व्हॉल्व्हवर त्याचा थर देतात.

हेन्सची मोटार कंपनी १९२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, १९२५ च्या एप्रिलमध्ये तोही गेला. म्हणजे ज्या दाव्यावर त्याची जाहिरात उभी होती तो टिकला नाही, आणि प्रयोगशाळेत निघालेला धातू मात्र टिकला.

आपल्याकडेही प्रत्येक गावात कशाचा ना कशाचा ‘पहिला’ असतो. त्याचा अभिमान जरूर असावा. फक्त इतिहास वाचताना त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा: तासावर काम करून ते घडवणारे कोण होते?