कमी पैशात प्रोसेसर : पुण्यातली एक जुनी गोष्ट

आयटीत नोकरी करणाऱ्या माणसाला गावाकडून दोन प्रश्न हमखास येतात. एक, "आमच्या पोराला तुमच्या कंपनीत चिकटवता का?" आणि दोन, "लॅपटॉप लई स्लो झालाय, प्रोसेसर बदलून मिळंल का?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं आहे, पण त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. कारण कमी पैशात प्रोसेसर निवडायचा प्रश्न एकदा थेट भारत सरकारला पडला होता, आणि त्याचं उत्तर पुण्यात शोधलं गेलं.

गोष्ट १९८०च्या दशकातली. तेव्हा सुपरकॉम्प्युटर म्हटलं की अमेरिकेच्या क्रे कंपनीचं यंत्र. भारताला ते हवं होतं. पण पावसाचा अंदाज काढणारं यंत्र अणुबॉम्बचं गणितही करू शकतं, ही अमेरिकेची धास्ती. बऱ्याच घासाघिशीनंतर हवामानाच्या कामापुरता एक क्रे एक्स-एमपी/१४ दिल्लीला मिळाला, तोही अटी घालून. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मागितलेला मिळालाच नाही. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅकचं काम सुरू झालं. प्रमुख डॉ. विजय भटकर, आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. मुदत तीन वर्षं, बजेट चाळीस कोटींच्या आत.

आता क्रेची पद्धत अशी, की प्रोसेसर मोजकेच, पण एकेक मुद्दाम बनवलेला, प्रचंड वेगवान आणि तितकाच महाग. तसा प्रोसेसर बनवायला आपल्याकडे ना कारखाना होता, ना वेळ. म्हणून सी-डॅकच्या मंडळींनी उलटा विचार केला. बाजारात मिळणारा साधा प्रोसेसर घ्यायचा, पण एक नाही, डझनावारी घ्यायचे आणि काम वाटून द्यायचं. त्यांनी निवडला ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा टी-८०० ट्रान्सप्युटर. वेगात तो काही अचाट नव्हता. पण दशांश चिन्हाचं गणित करायची सोय चिपमध्येच होती, आणि शेजारच्या चिपशी बोलायला प्रत्येकाला चार लिंक होत्या. म्हणजे निवड वेगावर झाली नाही, कामावर झाली.

हे समजायला आमच्या येरमाळ्याची चैत्रातली यात्रा डोळ्यांसमोर आणावी. येडेश्वरीच्या देवळाला लागणारा चुना तिथं कोणी ट्रकनं आणत नाही. यात्रेला आलेली लाखो माणसं चुन्याच्या रानात उतरतात आणि प्रत्येक जण चार-दोन खडे वेचतो. बघता बघता ढीग लागतो. एकही पहिलवान लागत नाही. पॅरलल प्रोसेसिंग म्हणतात ते हेच. पण त्याच यात्रेतली पालखी बघा. ती एकाच वाटेनं, एकामागून एक पाऊल टाकतच जाणार. माणसं दुप्पट झाली म्हणून ती निम्म्या वेळात पोचत नाही. जीन अॅमडाल यांनी १९६७ साली नेमकं हेच मांडलं : कामाचा जो भाग वाटता येत नाही, तो शेवटी सगळ्यांना अडवतो.

१९९१ साली परम ८००० तयार झाला. नाव मस्त जमलं होतं, परम म्हणजे सर्वश्रेष्ठ आणि पॅरलल मशीनचं संक्षिप्त रूपही. पण मला खरी गंमत वाटते ती पुढच्या अपग्रेडची. ट्रान्सप्युटर मागे पडत चालला, तेव्हा परम ८६०० मध्ये इंटेलचा आय-८६० जोडला गेला. १९९४च्या परम ९००० ची रचनाच अशी ठेवली, की वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रोसेसर चालावेत. १९९८च्या परम १०००० मध्ये सनचा अल्ट्रास्पार्क आला, आणि २००३च्या परम पद्म मध्ये आयबीएमचा पॉवर-४. पद्म जगातल्या पहिल्या पाचशेंच्या यादीत १७१ वा होता. बारा वर्षांत चिपा बदलत गेल्या. टिकलं काय? काम वाटून देण्याचं ज्ञान आणि ते जाणणारी माणसं.

आता आपल्या लॅपटॉपकडे येऊ. प्रोसेसर बदलून मिळतो का? बहुतेक नाही. २०१३च्या चौथ्या पिढीनंतर इंटेलचे लॅपटॉपचे प्रोसेसर बोर्डावरच डकवलेले असतात. पण मुळात अडलंय कुठं, ते आधी बघा. टास्क मॅनेजर उघडा. डिस्क शंभर टक्के दाखवत असेल तर दोष प्रोसेसरचा नाही, जुन्या हार्ड डिस्कचा आहे, एसएसडी टाका. मेमरी भरलेली असेल तर रॅम वाढवा. प्रोसेसरच कायम शंभरावर असेल, तरच नव्या मशीनचा विचार करा. तिथंही कोअर किती, हे शेवटी विचारा. व्हिडिओ एडिटिंग म्हणजे खडे वेचणं, तिथं जास्त कोअर कामाला येतात. साधी एक्सेल शीट, ब्राउझर म्हणजे बरंचसं पालखीचं काम, तिथं एकेका कोअरचा वेग महत्त्वाचा.

एक अडचण मात्र खरी आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचं मशीन असेल तर लिनक्स टाका, नाहीतर आठव्या पिढीपुढचा चांगला सेकंडहँड लॅपटॉप शोधा.

सोयाबीनच्या पट्टीतून लॅपटॉपसाठी बाजूला काढलेले पैसे पुन्हा लवकर जमत नाहीत. दुकानदार आय-सेव्हनचं स्टिकर दाखवेल. त्याला एवढंच विचारा, "माझ्या कामात हा नेमकं काय लवकर करणार?" सी-डॅकनं चाळीस कोटींच्या आत हाच प्रश्न विचारला होता. चाळीस हजारांत तर तो विचारायलाच हवा.