शिपायाची साक्ष आणि शिपायाची शंका

(१) लढाईंत स्वतः हजर असलेल्या मनुष्याचा शब्द इतिहासानें कितपत ग्राह्य धरावा, हा प्रश्न आमच्या वाचकांस नवा नाहीं. पानिपतच्या हकीकतींत काशिराज पंडिताचें कथन व बखरकारांचें कथन ताडून पाहतांना तो पदोपदीं उभा राहतो. हाच प्रश्न अमेरिकेंत व्हिएटनामच्या युद्धासंबंधानें निघाला; आणि तेथें वादी व प्रतिवादी हे दोघेही त्याच युद्धांतून परतलेले शिपाई होते. या वादांतील कागदांची हकीकत साधनचिकित्सेच्या दृष्टीनें बोधप्रद असल्यामुळें ती आम्ही येथें संक्षेपानें देतों.

(२) सन १९७१ च्या ३१ जानेवारीपासून तीन दिवस युद्धविरोधी माजी सैनिकांच्या संघटनेनें डेट्रॉइट शहरीं एक चौकशी भरविली. तींत १०९ माजी सैनिक व १६ नागरिक यांनीं जबान्या दिल्या. कैद्यांचा छळ, गांवांची जाळपोळ, निःशस्त्र रयतेची हत्या हे प्रकार आपण केले किंवा डोळ्यांनीं पाहिले, असें त्यांनीं सांगितलें. सेनेटर मार्क हॅटफील्ड यांनीं एप्रिलमध्यें या जबान्या काँग्रेसच्या कामकाजाच्या नोंदींत दाखल करविल्या. त्याच महिन्याच्या २२ तारखेस जॉन केरी या माजी नौदल अधिकाऱ्यानें त्यांचा सारांश सेनेटच्या परराष्ट्र समितीपुढें मांडला. जबान्या शपथेवर झालेल्या नव्हत्या, हें येथें ध्यानांत ठेवावें.

(३) या जबान्यांवर अविश्वास दाखविणारांत बी. जी. बर्केट यांचें नांव प्रमुख आहे. हे गृहस्थ १९६८-६९ सालीं लेफ्टनंट म्हणून व्हिएटनाममध्यें होते. ग्लेना व्हिटली यांच्यासह लिहिलेला त्यांचा ‘स्टोलन व्हॅलर’ हा ग्रंथ १९९८ सालीं निघाला. आपल्या सोबत्यांच्या नांवास लागलेला बट्टा पुसावा, हा त्यांचा हेतु उघड आहे. परंतु त्यांची रीत संशोधकाची आहे. जो मनुष्य ‘मी लढाईंत होतों’ म्हणतो, त्याच्या नोकरीची सरकारी नोंद मागवावयाची व बोलणें तिच्याशीं ताडावयाचें. या रीतीनें त्यांनीं कित्येक तोतये उघडकीस आणिले. आधींही असें घडलेंच होतें. मार्क लेन यांनीं छापलेल्या मुलाखतींपैकीं कांहीं खोट्या असल्याचें नील शीहन यांनीं डिसेंबर १९७० मध्यें दाखविलें होतें. डेट्रॉइटच्या संघटनेचा एक चिटणीस स्वतःस हवाई दलाचा कॅप्टन म्हणवी. तो सार्जंट निघाला. संयोजकांनीं साक्षीदारांकडून सेवामुक्तीचे दाखले मागितले होते खरे. पण दाखल्यानें माणूस सैन्यांत होता एवढेंच ठरतें, त्याची गोष्ट खरी ठरत नाहीं.

(४) येथवर शंकेचा पक्ष बळकट आहे. आतां त्याच पक्षाचा एक आवडता आधार पाहूं. गुंथर लेवी यांनीं १९७८ सालच्या आपल्या ग्रंथांत नौदलाच्या तपासखात्याच्या अहवालाचा हवाला दिला. कांहीं साक्षीदार डेट्रॉइटला गेलेच नव्हते, त्यांच्या नांवें दुसरेच बोलले, असें त्या अहवालांत होतें म्हणतात. हें विधान पुढें ग्रंथामागून ग्रंथांत उतरत गेलें. परंतु २००४ सालीं पत्रकारांनीं मूळ कागद मागितला, तेव्हां खात्यास तो मिळाला नाहीं. आणि आपण तो स्वतः पाहिला कीं त्यांतील मजकूर केवळ ऐकला, हें लेवी यांस आठवेना. अहवाल कधीं नव्हताच असें आम्ही म्हणत नाहीं. पण अस्सल हातीं नसतां नकलेच्या नकलेवर निवाडा देणें, हा जो दोष शंकेखोर साक्षीदारांस लावितात, तोच येथें त्यांच्या पदरीं येतो.

(५) दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा. ‘आम्हीही तेथें होतों, आम्ही असें कांहीं पाहिलें नाहीं’, हें अशा माजी सैनिकांचें नेहमींचें म्हणणें असतें. तें प्रामाणिक असूं शकतें. पण त्यानें सिद्ध होतें तें बोलणाराच्या दृष्टीच्या टापूपुरतें. माय लाय येथील कत्तल १६ मार्च १९६८ रोजीं झाली. ती उजेडांत आणणारा रॉन रायडनअवर त्या दिवशीं तेथें नव्हता. सोबत्यांकडून ऐकलेली हकीकत त्यानें मार्च १९६९ मध्यें पत्रें लिहून वरिष्ठांस कळविली. साक्ष ऐकीव, तरी खरी ठरली. उलट त्याच दिवसाचा सरकारी वृत्तांत समकालीन व अधिकृत असूनही खोटा होता. त्यांत शत्रूचे १२८ लोक मारले व ३ शस्त्रें मिळालीं, अशी नोंद आहे. सव्वाशांवर लढवय्ये पडले आणि हत्यारें मात्र तीन सांपडलीं, ही विसंगति चिकित्सकाच्या डोळ्यांत तत्काळ भरावी. समकालीन कागद म्हणून मान तुकविणारांनीं हें उदाहरण विसरूं नये.

(६) निर्णायक पुरावा शेवटीं सैन्याच्याच दप्तरांत निघाला. माय लाय उघडकीस आल्यावर लष्करानें युद्धांतील गुन्ह्यांचे कागद एकत्र करण्यास एक कार्यमंडळ नेमलें होतें. त्याचे सुमारें ९,००० पानांचे कागद निक टर्स यांच्या दृष्टीस पडले. त्यांवरून त्यांनीं व डेबोरा नेल्सन यांनीं २००६ सालीं वृत्तपत्रांत लेख लिहिले. माय लाय वगळून ३२० प्रकार लष्करी तपासांत खरे ठरले होते. २०३ जणांविरुद्ध आरोप ठेवण्याइतका पुरावा होता. लष्करी न्यायालयापुढें ५७ आले, शिक्षा २३ जणांस झाली. त्याच दप्तरांत ५०० हून अधिक तक्रारी सिद्ध झाल्या नाहींत किंवा अग्राह्य ठरल्या, हेंही लपवितां येत नाहीं. या कागदांनीं डेट्रॉइटची प्रत्येक जबानी खरी ठरत नाहीं. परंतु ‘असें कांहीं घडलेंच नाहीं’ हें म्हणणें मात्र कायमचें निकालांत निघतें.

(७) तात्पर्य, साक्षीदार कोण ही एक चौकशी आणि घटना घडली कीं नाहीं ही दुसरी. बर्केट यांनीं पहिली चौकशी उत्तम केली. तिचा निकाल दुसरीवर लादतां येत नाहीं. एक महजर बनावट निघाला म्हणून कोणी सारें दप्तर जाळीत नाहीं. बनावट कागद वेगळा काढून उरलेले एकेक करून तपासतो. ज्या खेड्यांतील माणसें मेलीं त्यांस न्याय द्यावयाचा असो, कीं ज्या शिपायानें हात विटाळला नाहीं त्याची अब्रू राखावयाची असो, मार्ग हाच एक आहे. संग्राहकांसाठीं आणखी एक गोष्ट नमूद करितों. त्या ९,००० पानांपैकीं सुमारें ३,००० पानांच्या प्रती पत्रकारांनीं घेतल्या, आणि मग खाजगी माहितीच्या सबबीवर तें दप्तर सार्वजनिक फळ्यांवरून उचललें गेलें. कागद दिसेल त्या दिवशींच त्याची नक्कल उतरून घ्यावी.