पोलिसांचे बळ, कायद्याची मर्यादा आणि आपला विश्वास : माणगावच्या कार्यकर्त्यांसाठी संदर्भ टिपण

२० मार्च आणि २५ डिसेंबरला महाडकडे जाणाऱ्या निळ्या झेंड्यांच्या गाड्या मुंबई-गोवा महामार्गावरून माणगाव ओलांडून पुढे जातात. त्या दिवशी पोलीस बंदोबस्त आणि आपण एकाच रस्त्यावर उभे असतो. बहुतेक वर्षी काही घडत नाही. पण कुठे पुतळ्याची विटंबना झाली, कुठे वाडीवर हल्ला झाला, की विहारात बसलेली तरुण मुले एकच प्रश्न विचारतात : आपण रस्त्यावर उतरलो तर पोलीस काय करतील, आणि त्यांना काय करण्याचा अधिकार आहे? या प्रश्नाचे उत्तर रागातून किंवा ऐकीव माहितीतून देऊ नये, म्हणून हे टिपण.

आधी एक खुलासा. २१ व २२ मार्च १९२० ची, छत्रपती शाहू महाराज आणि बाबासाहेब एकत्र आले ती माणगाव परिषद कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणगावात झाली. आपले माणगाव रायगडचे, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातले. आपला वारसा शेजारच्या महाडचा आहे, आणि पोलीस व जनता यांच्या संबंधाचा पहिला धडाही तिथलाच.

महाडचा धडा

२० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतलेल्या लोकांवर हल्ला झाला. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा पसरवली गेली होती. जेवायला बसलेल्यांना मारले गेले, गावी परतणाऱ्यांना वाटेत गाठले गेले. परिषदेला आलेल्यांत लष्करात नोकरी केलेले गडी होते. त्यांना उलट हात उचलणे अवघड नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि लढाई फिर्यादीच्या वाटेने नेली. हल्लेखोरांपैकी काहींना पुढे शिक्षा झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तळ्यावर जाण्यास न्यायालयाचा मनाई हुकूम आला, तेव्हा हजारो लोक तयार असताना बाबासाहेबांनी तो मोडू दिला नाही. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली, पण तो निकाल कोणालाही परत घेता आला नाही.

याचा अर्थ गप्प बसा असा नाही. बाबासाहेबांनी व्यवस्थेवर आंधळा विश्वास ठेवला नाही. तिला कागदावर पकडले.

रायगडने पाहिलेले गोळीबार

आपल्या जिल्ह्याला पोलिसांची गोळी नवी नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यात चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले, त्यांत नाग्या महादू कातकरी हा आदिवासी तरुण होता. ते इंग्रजांचे राज्य होते, असे आपण म्हणू. पण १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी त्याच उरण परिसरात जमिनीच्या योग्य भावासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पाच जण गेले. राज्य बदलले, तरी आपल्या हक्कासाठी जमलेल्या माणसांकडे शत्रू म्हणून पाहण्याची सवय तेवढी बदलली नाही.

रमाबाई नगर, ११ जुलै १९९७

कोकणातल्या किती तरी बौद्ध घरांचे एक दार गावच्या वाडीत आणि दुसरे मुंबईच्या चाळीत किंवा वस्तीत उघडते. त्यामुळे घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात जे घडले ते आपल्याला दूरचे नाही. ११ जुलै १९९७ च्या सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक पूर्व द्रुतगती महामार्गावर जमले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. दहा जण मृत्युमुखी पडले, अनेक जखमी झाले.

जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळी चालवावी लागली, असा पोलिसांचा बचाव होता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि तुकडीचे नेतृत्व करणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्यावर जबाबदारी ठेवली. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला. घटनेपासून शिक्षेपर्यंत बारा वर्षे गेली. एका गोळीबाराने जेवढा विश्वास तुटला, तेवढाच या बारा वर्षांनी तोडला.

परभणी, डिसेंबर २०२४

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड केली. अटक झालेल्यांत कायद्याचे शिक्षण घेणारे सोमनाथ सूर्यवंशी होते. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अभिप्रायात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदले गेले. त्यांच्या आईने न्यायालयाचे दार ठोठावले. ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, पण ३० जुलै २०२५ रोजी तो आदेश कायम राहिला.

लक्षात घ्या, इथे केवळ गुन्हा नोंदवून घेण्यासाठी एका आईला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले.

कायदा काय सांगतो

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. कार्यकर्त्याला पुढील गोष्टी तोंडपाठ हव्यात.

जमाव पांगवणे : कलम १४८ नुसार कार्यकारी दंडाधिकारी, ठाणे अंमलदार किंवा तो नसल्यास किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी बेकायदा जमावाला, किंवा शांतता बिघडवू शकेल अशा पाच वा अधिक जणांच्या जमावाला, पांगण्याचा हुकूम देऊ शकतो. हुकूम मोडला, किंवा जमाव पांगणार नाही हे त्याच्या वागण्यावरून दिसले, तरच बळाचा वापर. म्हणजे आधी हुकूम, मग बळ, आणि तेही पांगवण्यापुरते. पळणाऱ्याच्या पाठीवर किंवा घरात शिरून मारलेली काठी ही जमाव पांगवणे नव्हे, ती शिक्षा आहे. शिक्षा देण्याचा अधिकार फक्त न्यायालयाला आहे.

अटक : कलम ४३ नुसार अटकेला विरोध झाला तर आवश्यक ते उपाय वापरता येतात. पण ज्या गुन्ह्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप नाही, त्याच्या आरोपीचा जीव घेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून जास्त जखडता येत नाही.

अटकेनंतर : डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घालून दिलेले नियम आता बहुतांशी कायद्यातच आहेत. पोलिसाच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी, साक्षीदाराच्या सहीचा अटक पंचनामा, अटकेचे कारण सांगणे, नातेवाइकाला कळवणे, वैद्यकीय तपासणी, वकिलाला भेटण्याचा हक्क, आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे. शेवटचा हक्क तर संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे.

कोठडीतील मृत्यू : कलम १९६ नुसार दंडाधिकाऱ्यांची चौकशी होते. पोलिसांचा स्वतःचा तपास पुरेसा मानला जात नाही.

ठाण्यातील कॅमेरे : २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार प्रत्येक ठाण्यात चित्रण व ध्वनिमुद्रण करणारे कॅमेरे हवेत आणि ते चित्रण किमान एक वर्ष तरी जपले पाहिजे. मारहाणीची तक्रार असेल तर हे चित्रण राखून ठेवण्याचा लेखी अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या.

दाद कुठे मागायची

पहिला अर्ज ठाण्यात. घेतला नाही तर टपालाने अलिबागच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात, आणि तरीही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी निकालाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली, तिथेही जाता येते. मानवी हक्क आयोगाकडे जायचे असेल तर घटनेपासून एका वर्षाच्या आत.

ॲट्रॉसिटी कायद्याखाली तपास किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकसेवकाने या कायद्याखालील कर्तव्यात जाणूनबुजून कसूर केली, तर कलम ४ खाली तोही गुन्हा आहे. उपविभागीय स्तरावर दक्षता व सनियंत्रण समिती असते. तिच्या बैठका होतात का, हे माणगावच्या प्रांत कार्यालयात जाऊन विचारणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे.

विश्वास कशावर उभा राहतो

आपला पेच इथेच आहे. ज्या ठाण्याच्या पायरीची भीती वाटते, त्याच ठाण्यात ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायची असते. पोलिसांकडे पाठ फिरवली तर फायदा अत्याचार करणाऱ्याचा होतो. शिवाय पोलीस म्हणजे परके कोणी नव्हेत. आपल्याच वाडीतली मुले-मुली पहाटे मैदानावर भरतीची तयारी करतात. बंदोबस्तात दगड लागतो तो अनेकदा त्यांच्यापैकीच कोणाला तरी. म्हणून मोर्चात दगड उचलणाऱ्याला थांबवणे हे आपले काम आहे. तो दगड बळाच्या वापराला निमित्त देतो आणि दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या निरपराध पोरांची नावे यादीत जातात.

पण विश्वास मागून मिळत नाही. फिर्याद पहिल्याच दिवशी घेतली जाते का, विटंबना करणाऱ्याला आणि त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्याला एकच कायदा लागतो का, चूक करणाऱ्या अधिकाऱ्यावर बारा वर्षांत नव्हे तर वर्षभरात कारवाई होते का, यावर तो उभा राहतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. पोलिसांच्या बळाला हीच कसोटी लावावी. गरज होती का, आणि गरज संपल्यावर हात थांबला का?

विहारात करायची तयारी

आम्ही प्रत्येक वाडीला चार गोष्टी सुचवतो. एक, रात्रीही फोन उचलणाऱ्या दोन वकिलांचे क्रमांक विहाराच्या फलकावर लावा. दोन, मोर्चाची लेखी सूचना देऊन पोच जपून ठेवा आणि स्वयंसेवक नेमा. तीन, चित्रण करणारे दोघे ठरवा. त्यांनी घोषणा देऊ नयेत, फक्त वेळ, जागा आणि पांगण्याचा हुकूम दिला गेला की नाही हे टिपावे. चार, कोणी जखमी झाले तर आधी सरकारी रुग्णालयात न्या आणि जखमांची नोंद करून घ्या. जखम भरते, नोंद राहते.

महाडला बाबासाहेबांनी ज्यांचे हात आवरले, त्यांच्याकडे बळ होते. आपल्याकडे आज त्यांच्याच हातून घडलेले संविधान आहे. ते फलकावर वाचून थांबू नका. अर्ज लिहिताना वापरा.

जय भीम! नमो बुद्धाय!