अवरोहण आणि पुनरारंभ

यंत्र चालू होण्यास किती वेळ लागतो, ही गोष्ट कचेरींत बसलेल्या मनुष्यास फार तर कंटाळ्याची वाटेल. २० जुलै १९६९ रोजीं मात्र तिच्यावर दोन माणसांचे प्राण अवलंबून होते. नील आर्मस्ट्राँग व बझ आल्ड्रिन चंद्रावर उतरत असतां 'ईगल' यानांतील लहानग्या संगणकानें '१२०२' हा इशाऱ्याचा अंक दाखविला. अंगावर आलेलीं कामें आपणांस झेपत नाहींत, असा त्याचा अर्थ.

त्या काळच्या मोठ्या संगणकांस आज्ञावली पत्त्यांवरून किंवा फितीवरून आंत घ्यावी लागे. उतरत्या यानांत तेवढी सवड कोठली! म्हणून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या तज्ज्ञांनीं ती तारांतच विणून ठेविली. चुंबकीय कड्यांतून तार गेली तर एक, बाजूनें गेली तर शून्य. असे ३६,८६४ शब्द. हें विणकाम रेथिऑन कंपनीच्या कारखान्यांत कुशल स्त्रिया हातांनीं करीत. वीज खंडित झाली तरी विणलेलें पुसलें जात नसे. एकदां विणलेली चूक उसविणें मात्र महाकठीण!

परंतु नुसतें लौकर जागें होऊन भागणार नव्हतें. काम कोठवर आलें होतें हेंहि आठवावयास हवें होतें. त्याकरितां महत्त्वाच्या कामांचे टप्पे दुसऱ्या, २,०४८ शब्दांच्या स्मृतींत नोंदले जात. ताण असह्य झाला कीं संगणक हातचें सर्व टाकी, आणि नोंद पाहून निकडीचींच कामें पुन्हां हातीं घेई. कामांची ही अग्रक्रमाची योजना मूळची हॅल लॅनिंग ह्यांची. उड्डाणाच्या आज्ञावलीचें काम पुढें मार्गारेट हॅमिल्टन ह्यांच्या नेतृत्वाखालीं झालें.

त्या दिवशीं मातृयानाचा वेध घेणारें रडार, उतरतांना गरज नसतांहि, संगणकाचा वेळ खात होतें. ह्यूस्टन येथें २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्सवर निर्णयाचा भार होता. थोड्याच दिवसांपूर्वीं अशाच इशाऱ्यावर, तालमींत, त्यानें उतरणें अकारण रद्द करविलें होतें. त्यानंतर २४ वर्षांच्या जॅक गार्मननें सर्व इशाऱ्यांची यादी स्वहस्तें लिहून ठेविली होती. ती पाहून त्यानें सांगितलें, इशारा वारंवार येत नसेल तर चिंता नाहीं. बेल्सनें पुढें जाण्यास अनुमति दिली.

उतरेपर्यंत असे पांच इशारे आले. प्रत्येक वेळीं संगणकानें नव्यानें आरंभ केला. दर दोन सेकंदांचें मार्गदर्शनाचें गणित मात्र चालूच राहिलें.