सुरूर ते पोलादपूर: 80 किलोमीटरचा रस्ता नेमका कोणाचा?

आज एका रस्त्याची गोष्ट. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी या रस्त्यावरून प्रवास केलेला असणार. कॉलेजच्या ट्रिपला, घरच्यांबरोबर मे महिन्याच्या सुट्टीत, किंवा पावसाळ्यात बाईकवरून. पण त्या वेळी डोळे स्ट्रॉबेरीच्या बोर्डांवर असतात, नाहीतर रीलसाठी चांगला स्पॉट शोधण्यात. रस्त्याकडे कोण बघतंय?

पुणे-सातारा हायवेवर सुरूर फाटा लागतो. तिथून उजवीकडे वळलं की वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर, आणि मग आंबेनळी घाटाने खाली कोकणात पोलादपूर. सगळं मिळून साधारण 80 किलोमीटर. राज्य महामार्ग म्हणून हा तसा छोटाच. एका टोकाला मुंबई-बंगळुरू हायवे, दुसऱ्या टोकाला मुंबई-गोवा हायवे आणि मध्ये हा दुवा.

या 80 किलोमीटरवर साडेतीनशे वर्षं एकच प्रश्न फिरतोय: रस्ता कोणासाठी? कुणी रस्ता करायचा, कुणी अडवायचा, कुणी त्यावर उभं राहायचं, आणि रस्ता तुटला की हाल कुणाचे? चला, निघूया.

आधी रस्ता कसा आहे ते बघू

वाई कृष्णेच्या काठावर. घाट, देवळं, 1762 साली रास्त्यांनी बांधलेला ढोल्या गणपती. मराठी विश्वकोशाचं काम ज्या गावातून चाललं, ते हेच. शाहरुखचा 'स्वदेस' ज्या मेणवलीत शूट झाला, ती इथून हाकेच्या अंतरावर.

वाई सोडली की पसरणीचा घाट सुरू होतो. बारा-तेरा किलोमीटरमध्ये गाडी थेट पाचगणीच्या पठारावर. पुढे वीसेक किलोमीटर डोंगरमाथ्यावरून, वेण्णा तलावाच्या कडेने महाबळेश्वर. उंची सुमारे 1350 मीटर. आणि मग आंबेनळी. सुमारे 40 किलोमीटरमध्ये रस्ता जवळजवळ सगळी उंची सोडून सावित्रीच्या खोऱ्यात उतरतो.

पावसाचा फरक तर अफाट. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून तासाभराच्या अंतरावरच्या वाईत त्याचा एक लहानसा हिस्सा. म्हणजे एकाच रस्त्याचं एक टोक देशावरचं कोरडं आणि दुसरं कोकणातलं चिंब. हा पाऊस लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचंय.

जावळी: रस्ता नसणं हीच तटबंदी

आंबेनळी घाट उतरताना मध्ये कुंभरोशी लागतं. तिथून प्रतापगडाचा फाटा फुटतो आणि खालच्या बाजूला कोयनेचं खोरं दिसतं. ही जावळी. आजही झाडी इतकी दाट, की साडेतीनशे वर्षांपूर्वी काय असेल याचा अंदाज यावा.

इथे मोऱ्यांची सत्ता होती. त्यांची ताकद किती सैन्य आहे यात जेवढी होती, तेवढीच किंवा त्याहून जास्त या जंगलात होती. बाहेरच्या फौजेला आत यायला धड वाटच नाही. 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि लगेच मोरोपंत पिंगळ्यांकडून प्रतापगड बांधून घेतला. का? कारण देशावरून कोकणात उतरणारी पार घाटाची वाट या डोंगराखालून जाते. गड ज्याचा, वाट त्याची.

1659 मध्ये अफझलखान आला. वाई त्याला नवी नव्हती, तो आधी तिथला सुभेदार होता. वाईच्या मोकळ्या मुलखात मोठी फौज, हत्ती, तोफा, सगळं त्याच्या फायद्याचं. जावळीत नेमकं उलटं. म्हणून महाराजांनी त्याला जावळीत बोलावलं. महाबळेश्वरच्या डोंगरावरून पारकडे उतरणाऱ्या घाटाचं नावच बघा: रडतोंडीचा घाट! उतरणाऱ्याच्या तोंडाला रडू आणणारा.

आता एक भारी गोष्ट. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा इंग्रज अधिकारी ग्रँट डफ सांगतो, की महाराजांनी खानाच्या वाटेवरची झाडी तोडून रस्ता मोकळा करून दिला आणि बाकीच्या सगळ्या वाटा बंद केल्या. थांबा, हे नीट ऐका. पाहुण्याची सोय म्हणून रस्ता केला. आत यायला एक चांगली वाट, बाहेर पडायला एकही नाही. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं, ते तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. वाघनखं सगळ्यांना आठवतात. पण त्या दिवशी खानाच्या फौजेला पळायला जागा सापडली नाही, त्यामागे वाटांचं हे गणित होतं.

पार गावाजवळ कोयनेवर एक दगडी पूल आहे. शिवकालीन पूल म्हणूनच तो ओळखला जातो. प्रतापगडला गेलात तर तिकडे जरा वाकडी वाट करा.

साहेबाला गारवा हवा

पुढे दीडशे वर्षांनी पेशवाई संपते. 1818 नंतर साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह महाराज आहेत, पण डोक्यावर इंग्रजांचा रेसिडेंट. मुंबई-पुण्याच्या इंग्रजांना उन्हाळा सोसत नाही. 1824 मध्ये लॉडविक नावाचा अधिकारी महाबळेश्वरच्या एका कड्यावर पोचतो. त्याच्या नावाचा पॉइंट तुम्ही पाहिला असेल. त्याने वर्तमानपत्रातून या हवेची तारीफ केली आणि साहेब लोकांच्या चकरा सुरू झाल्या.

गंमत म्हणजे साताऱ्याहून मेढ्यामार्गे वर येणारा रस्ता महाराजांनीच करून दिला. 1829 मध्ये करार झाला. महाबळेश्वरचा भाग कंपनी सरकारकडे आणि बदल्यात वाईजवळचं खंडाळा गाव महाराजांकडे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने वर बाजारपेठ वसली: माल्कम पेठ. आणि दहाच वर्षांनी, 1839 मध्ये, याच कंपनी सरकारने प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं आणि काशीला धाडलं. परत यायला मिळालं नाही. तिथेच त्यांचा अंत झाला. ज्यांनी साहेबाच्या गारव्यासाठी रस्ता दिला, त्यांच्या वाट्याला साताऱ्याबाहेर जाणारी वाट आली.

बरं, वरचे रस्ते प्रत्यक्ष खणले कुणी? यात एक मोठा वाटा कैद्यांचा होता. आणि कैदी कुठले, तर चिनी आणि मलय! पूर्वेकडच्या ब्रिटिश वसाहतींमधून शिक्षा होऊन आलेली ही माणसं महाबळेश्वरच्या तुरुंगात ठेवली होती. त्यांनी रस्ते केले, भाज्यांचे मळे लावले, वेताच्या खुर्च्या आणि टोपल्या विणल्या. 1864 मध्ये तो तुरुंग बंद झाला. आज महाबळेश्वरच्या बाजारात हिंडताना त्यांची आठवण कुणाला येत नाही. पण घरापासून हजारो मैलांवर, सह्याद्रीच्या पावसात दगड फोडणारे ते हात याच रस्त्यांच्या गोष्टीत आहेत.

आणि जे आधीपासून डोंगरावर राहत होते, त्यांचं काय? कोळी, धनगर, कुळवाडी, आणि धावड. धावड म्हणजे इथल्या दगडातून लोखंड गाळणारे लोक. इंग्रजांनी जंगलावर निर्बंध आणले, कोळसा मिळेना आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या. हवेशीर रस्त्याची ही बाजू पर्यटकांच्या माहितीपुस्तिकेत नसते.

सुरुवातीला मुंबईचे साहेब समुद्रमार्गे यायचे. सावित्रीच्या खाडीतून महाडच्या बाजूला आणि तिथून पालखी-मेण्याने पार घाट चढून वर. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, पुणे जवळ आलं आणि गर्दी वाईच्या बाजूने वळली. पसरणीच्या घाटाचं महत्त्व वाढलं. त्याच काळात जॉन चेसन यांनी पाचगणीची वसाहत उभी केली. सिल्व्हर ओकची झाडं लागली, मग निवासी शाळा आल्या. कोकणच्या बाजूला पार घाटाऐवजी आंबेनळीचा नवा घाटरस्ता झाला. त्याला गव्हर्नर फिट्झगेराल्ड यांचं नाव दिलं गेलं. म्हणजे आज आपण ज्या रस्त्यावरून जातो, त्याचा आराखडा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झाला, आणि तो मुख्यतः उन्हाळ्यात मुंबई इलाख्याचं सरकार डोंगरावर नेण्यासाठी.

30 नोव्हेंबर 1957: रस्त्यावर उभी राहिलेली माणसं

आता पुन्हा वाईच्या बाजूला येऊ. देश स्वतंत्र झालाय. पण मराठी माणसाला मुंबईसह स्वतःचं राज्य मिळालेलं नाही. 1956 मध्ये गुजरात आणि महाराष्ट्र एकत्र असलेलं द्वैभाषिक मुंबई राज्य केलं गेलं, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. त्याआधीच्या आंदोलनात गोळीबार झाले, शंभराहून जास्त माणसं गेली. 1957 च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबरदस्त दणका दिला.

त्याच वर्षी प्रतापगडावर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. अनावरणाला पंतप्रधान पंडित नेहरू येणार होते. आणि येणार कुठून? याच रस्त्याने! वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर आणि मग गड.

समितीने ठरवलं की निदर्शनं याच रस्त्यावर करायची. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे अशी नेतेमंडळी, आणि गावागावांतून आलेले हजारो लोक. वाईत आणि पसरणीच्या घाटात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं काळे झेंडे घेऊन उभी राहिली. विचार करा, घाटातली वळणं. पंतप्रधानांची गाडी सावकाश चढतेय आणि वळणावळणावर लोक, घोषणा, झेंडे. सभागृहातलं भाषण टाळता येतं, वर्तमानपत्र मिटून ठेवता येतं. घाटातल्या वळणावर उभ्या असलेल्या माणसांकडे मात्र बघावंच लागतं.

एवढी गर्दी, एवढा संताप, आणि निदर्शनं शांततेत पार पडली. लोकांचा विरोध पुतळ्याला नव्हताच, महाराज तर त्यांचेच होते. विरोध द्वैभाषिकाला होता. या भावनेचं वजन दिल्लीला कळायला हा रस्ता कामी आला, असं मी म्हणेन. अडीच वर्षांनी, 1 मे 1960 ला, महाराष्ट्र झाला.

आणि हा योगायोग बघा. घाटाच्या पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळे यांचं जन्मगाव. 2023 मध्ये महाराष्ट्राने जे राज्यगीत म्हणून स्वीकारलं, ते घराघरात पोचलं त्यांच्याच आवाजात.

पावसाचा हिशोब

आता तो पाऊस, जो मी लक्षात ठेवायला सांगितला होता.

28 जुलै 2018. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातले कर्मचारी सहलीसाठी महाबळेश्वरला निघाले होते. आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली. एक जण वाचला, बाकी सगळे गेले. स्थानिक ट्रेकर्स दोर लावून त्या दरीत उतरले आणि भर पावसात त्यांनी मृतदेह वर आणले.

जुलै 2021. महाबळेश्वरला 24 तासांत जवळजवळ 600 मिलिमीटर पाऊस झाला. पोलादपूर आणि महाड तालुक्यांत दरडी कोसळून माणसं गाडली गेली. आंबेनळी घाटात रस्ता जागोजागी खचला, काही ठिकाणी वाहूनच गेला. बातम्यांमध्ये काय आलं? पर्यटकांनी पर्यायी मार्ग वापरावा. पर्यटकाला पर्याय असतो. तो ताम्हिणीने जाईल, नाहीतर लोणावळ्याला जाईल. पण प्रतापगडाच्या आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांना हा एकच रस्ता. दवाखाना, बाजार, कॉलेज, रेशन, सगळं याच्यावर.

जावळीत एके काळी रस्ता नसणं ही ताकद होती. आज त्याच जावळीत रस्ता नसणं म्हणजे आजारी माणसाला डोलीतून नेणं. जंगल तेच, डोंगर तेच, पाऊस तोच. बदललंय ते लोकांचं जगणं.

म्हणून या रस्त्याच्या दुरुस्तीची, रुंदीकरणाची चर्चा निघते, तेव्हा ती फक्त "वीकेंडला ट्रॅफिक किती लागतं" एवढ्यावर थांबू नये असं मला वाटतं. डोंगर किती कापायचा, पाण्याला वाट कुठून द्यायची, दरडीची जागा कुठली, हे तिथल्या माणसांना विचारायला हवं. कुठला ओढा कुठल्या महिन्यात फुटतो, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नाही. साडेतीनशे वर्षांत या रस्त्याचे निर्णय राजाने घेतले, गव्हर्नरने घेतले, सरकारने घेतले. रस्त्याकडेच्या लोकांनी आपलं म्हणणं ठामपणे ऐकवलं ते 1957 च्या त्या एका दिवशी, आणि त्यासाठी त्यांना काळे झेंडे घेऊन घाटात उभं राहावं लागलं.

तर मंडळी, पुढच्या वेळी पसरणीचा घाट चढाल तेव्हा दोन मिनिटं गाणी बंद करा आणि वळणं बघा. आंबेनळी उतरणार असाल तर दिवसाउजेडी उतरा, आणि पावसाळ्यात घाट चालू आहे की नाही याची आधी चौकशी करा. तुमच्या गावाजवळच्या एखाद्या छोट्या रस्त्याची अशी गोष्ट असेल, तर ती आम्हाला नक्की कळवा. एपिसोड आवडला तर मित्रांना पाठवा, खास करून त्या मित्राला, जो महाबळेश्वरला फक्त मॅगी खायला जातो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, सांभाळून गाडी चालवा!