तेरा काचांवरचे शहर

उंच टेकडीवर उभे राहून स्वतःभोवती गिरकी घ्यावी आणि दिसेल ते सारे एकाच चित्रात यावे, ही हौस जुनी आहे. आज पुष्कळ छायाचित्रे घेऊन ती संगणकाने जोडता येतात. पण छायाचित्रे शेकड्यांनी झाली की सांधे दिसू लागतात. विजेचा खांब मध्येच तुटतो, बैल बिनडोक्याचा होतो, आकाशात उभे पट्टे उमटतात. दुखणे नवे वाटते, पण नवे नव्हे.

१८७८ साली एडवर्ड मायब्रिजने अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात, कॅलिफोर्निया रस्त्याच्या टेकडीवर, मार्क हॉपकिन्स या धनिकाच्या अपुऱ्या वाड्याच्या मनोऱ्यावर आपला अवजड कॅमेरा चढवला. (धावत्या घोड्याची त्याची प्रसिद्ध चित्रे याच वर्षीची.) तेरा मोठ्या काचांवर त्याने सभोवारचे शहर टिपले. प्रती ओळीने मांडल्या की लांबी भरते सुमारे १७ फूट!

त्या काळी काचेला रसायन लावून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे, आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत धुवावी लागे. मग पुढची काच. यात तास गेले, आणि सूर्य तर तासाला १५ अंश सरकतो. सातव्या चित्रातल्या सावल्या शेजारच्या चित्रांशी जुळत नाहीत. ते इतरांच्या बरेच नंतर घेतलेले आहे. आधीची काच बिघडली असावी, असा तर्क करता येतो.

एका बाबतीत मात्र त्याचे काम सोपे होते. त्या रसायनावर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार, म्हणून आकाश कोरे पांढरे येई; ढग जुळवायची कटकटच नाही. आज पट्टे पडतात ते नेमके आकाशात. भिंगाच्या कडेला उजेड कमी पडतो, शिवाय कॅमेरा दर चित्राला उजेडाचे माप आपणच बदलतो. ते माप पहिल्या चित्रालाच पक्के करावे.

तुटक्या खांबाचे कारण निराळे. गुरुजींनी वर्गात करून पाहावे: बोट नाकासमोर धरा, एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट भिंतीवर सरकते की नाही? हात लांब करून आपण गिरकी घेतो तेव्हा भिंगही तसेच जागा बदलते. दूरचा डोंगर जुळतो, जवळचे कुंपण जुळत नाही. कॅमेरा भिंगाभोवती फिरवावा, आपल्या अंगाभोवती नव्हे. माझी एक अख्खी दुपार यापायी वाया गेली आहे.

पुढे १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत तो वाडा आणि भोवतालची बहुतेक घरे जळाली. त्या घरांची साक्ष आता या तेरा चित्रांत उरली आहे. सावल्यांवरून वेळ काढू पाहणाऱ्याला सातवा सांधा सावध करतो. आजच्या संगणकाने तो गुळगुळीत करून टाकला असता. तेव्हा आपल्या गावाचे असे चित्र कराल, तर जोडण्यापूर्वीची सुटी छायाचित्रे, वेळेच्या नोंदीसह, शाळेच्या कपाटात ठेवा.