अननस, लीद आणि भिंतीवरची नावं

जुन्या वास्तूवर काम करताना आपण आधी मालकाची कागदपत्रं शोधतो. ती किती पुरतात, हे बघायला इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या हेलिगन इस्टेटचं उदाहरण घ्या. ट्रेमेन घराण्याच्या या बागेत 18व्या शतकातलं, खास अननसासाठी बांधलेलं काचघर आहे. आपल्या कोकणात अननस उघड्यावर येतो. तिथल्या थंडीत त्याला ऊब लागते. ती मिळायची घोड्याच्या लिदीतून. दोन्ही बाजूंच्या चरांत लीद आणि पेंढा भरायचा. तो कुजताना तापतो आणि विटांच्या जाळीतून ऊब आत जाते. चर थंडावले की पुन्हा भरायचे.

1914 साली महायुद्ध सुरू झालं. माळी लढायला गेले, अनेकजण परतलेच नाहीत. बागेत रान माजलं.

1990 मध्ये टिम स्मिट, जॉन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी जीर्णोद्धार सुरू केला आणि पुढे बाग लोकांसाठी खुली झाली. काच-विटा दुरुस्त करता आल्या. पण लीद किती भरायची, कधी बदलायची, हे करून बघतच शिकावं लागलं. ते ज्ञान माळ्यांच्या हातात होतं, त्यांच्याबरोबर गेलं. काही वर्षांनी तिथे पुन्हा अननस धरला.

त्या माळ्यांची नावं सापडली ती त्यांच्या शौचालयाच्या भिंतीवर: पेन्सिलीनं लिहिलेली, खाली ऑगस्ट 1914.

म्हणून वास्तू कोणी बांधली एवढ्यावर थांबू नका. ती रोज चालवत कोण होतं, हेही विचारा. आणि उत्तरासाठी दफ्तराबाहेरच्या भिंतीही वाचा.